भाचीचा मंडप आणि माझी एक ओळ

माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नाचा मंडप मी स्वतः रद्द केला, आणि तो रद्द होत असताना मी धसईच्या बाजारात वांगी निवडत होतो.

धसईत माझा मंडपाचा धंदा आहे. चार बांबू आणि उसनी ताडपत्री यांवर सुरू केला आणि वाढवला तो निव्वळ बोलण्यावर. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की मी वही मिटतो. "तारीख सोडली तुमची. दुसरीकडे बघा!" गिऱ्हाईक दारापर्यंत जातं, चपला घालतं आणि परत येतं. परत न आलेला माणूस मी पाहिलेला नाही. (एक तावातावानं गेला होता, पण चपला विसरला होता, म्हणून तोही आला.)

माझी मुलगी प्राजक्ता ठाण्याच्या कॉम्प्युटर कंपनीचं काम घरूनच करते. तिनं धंद्याच्या नंबरावर एआय एजंट बसवला. एजंट म्हटल्यावर मी आधी विचारलं, "कमिशन किती घेतो?"

"काय नाय घेत, बाबा. मेसेजला उत्तर देतो, बुकिंगपण करतो. तीन टूल दिलीत त्याला: तारीख बघायची, तारीख धरायची, तारीख सोडायची. आता प्रत्येकाखाली लिहायचं, ते काय करतं, कधी वापरायचं, कधी नाय."

"एवढं कशाला? नव्या गड्याला मी सांगतो काय? बघून शिकतो."

"हा बघत नाय. लिहिलंय तेवढंच वाचतो."

पहिल्या दोन टूलांखाली तिनं निबंध लिहिले. तिसऱ्याला माझं डोकं तापलं. लॅपटॉप ओढला आणि एका बोटानं लिहिलं: 'गिऱ्हाईक जास्त घासू लागलं की वापरायचं.' एका ओळीत आयुष्याचा अनुभव!

"बाबा, हे टूल खरंच तारीख सोडतं हां."

"धंदा मला शिकवू नको!"

माझी थोरली बहीण आक्का टोकावड्याला दिलेली. तिच्या स्नेहलचं लग्न विहारासमोरच्या पटांगणात. त्यासाठी मी नवं निळं-पांढरं कापड आणलं होतं आणि आक्काची तारीखही धरली होती. पण आक्का माझीच बहीण! न घासता मंडप घेतला तर माहेरचं नाव जाईल. तिनं नंबरावर मेसेज टाकला, "सख्ख्या बहिणीला एवढा भाव? लाज वाटत नाय?"

एजंटनं माझी ओळ वाचली आणि टूल वापरलं. 'आपली तारीख सोडली आहे. कृपया दुसरीकडे पाहावे.' दहाव्या मिनिटाला तीच तारीख माळशेज रोडवरच्या एका नव्या ढाब्याच्या उद्घाटनाला गेली. ढाबेवाल्यानं घासाघीस केलीच नाही! (असल्या माणसाचा ढाबा किती दिवस चालणार?)

वांगी घेऊन घरी आलो, आक्काला गेलेला मेसेज वाचला आणि छाती फुगली. "प्राजक्ता, शिकला गो आपला एजंट! आक्कालापण सोडलं नाय!" खालचा ढाबेवाल्याचा मेसेज वाचायची गरज मला वाटली नाही.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा आक्काचा फोन आला. "भाऊ, बांबू कधी टाकतोस रे?"

मी मोबाईलवर तारीख काढली. तिथे ढाबा!

"आक्का, तुला तो मेसेज आला तेव्हा बोलली का नाय?"

"त्यात काय बोलायचं? जन्मापासून वळखते तुला. म्हटलं, ताणतोय. आपोआप उतरंल."

"आक्का... खरंच सोडली."

आक्का रडवेली झाली. "पोरीला हळद लागायचीय, भाऊ. आता उन्हात बसवू काय तिला?"

मोठा मंडप माझ्याकडे एकच. मी ढाबेवाल्याकडे धावलो. त्याच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. ज्याला घासाघीस येत नाही, त्याला तडजोडही येत नाही! घरी येऊन एजंटच्या नावानं शंख केला.

"त्याची काय चूक?" प्राजक्ता म्हणाली. "तुमी लिहिलंत ते त्यानं केलं."

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "या घरात पहिल्यांदा कोणी तुमचं अक्षर न् अक्षर ऐकलं. बघा, काय झालं ते!"

त्याच बैठकीला प्राजक्तानं टूलाचं वर्णन बदललं: 'हे टूल तारीख कायमची सोडते. गिऱ्हाईकाने स्वतः कार्यक्रम रद्द केला आणि पुन्हा विचारल्यावर हो म्हटले, तरच वापरावे. घासाघीस, टोमणे, रुसवे यांसाठी वापरू नये.' मी चष्मा लावून दोनदा वाचलं.

शेवटी मुरबाडच्या मंडपवाल्याचे, माझ्या जुन्या वैऱ्याचे, पाय धरले. त्यानं मंडप दिला. अट एकच: कमानीवर त्याचा बोर्ड, मोठ्या अक्षरांत. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता हो म्हटलं.

लग्न छान लागलं. स्नेहल सावलीत बसली, आक्काही माझ्याशी बोलली (दोन शब्द, त्यातला एक शिवी). जेवणाच्या वेळी वारा सुटला आणि वैऱ्याचा एक दोर सैल पडलेला मला दिसला. राहवेना. नवा सदरा खोचला, खांबाजवळ बसलो आणि दोर आवळू लागलो.

मागून एक पाहुणा आला. "मंडपवाल्याचा माणूस काय रे तू? मस्त बांधलाय हां! पुढच्या महिन्यात आमच्याकडं कार्य आहे. तुझ्या शेठचा नंबर दे."

नवऱ्या मुलाकडचा माणूस. उलट बोलायची सोय नव्हती. वैऱ्याचा नंबर मी दिला. वर सल्लाही दिला, "फोन करा. मेसेज नका टाकू."