बिरसीवाल्याची भूक

बाबांच्या अन्ननळीच्या कॅन्सरचं ऑपरेशन नागपुरात झालं, तेव्हापासून माझा कोणावरच विश्वास उरला नव्हता. सर्जन म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, पण पाच वर्षं नजर ठेवायची. मी ती बाबांच्या गळ्यावरच ठेवली. जठर वर ओढून गळ्याशी जोडलेलं, म्हणून दिवसातून सहादा थोडं थोडं खायचं. एखादा घास घशात रेंगाळला की मी माझं जेवण सोडून त्यांच्या ताटाकडेच बघत बसायची. वाटायचं, ते दुखणं आलं परत.

दर गुरुवारी बाबा कुडव्याच्या आमच्या घरून लुना काढून बिरसी गावाला जायचे. नागपूरच्या वॉर्डात त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक शेतकरी होता, तो तिथला. दोघांचं ऑपरेशन एकाच आठवड्यातलं. परत येऊन खबर द्यायचे, "गडी आज अर्धी पोळी जेवला." पुढच्या गुरुवारी अख्खी पोळी. मग चक्क मटण. मला हे पटेना. आमच्या बाबांना अजून मऊ भात जड जातो आणि हा मटण हाणतो? बिरसीचं नुसतं निमित्त, बाबा कुठेतरी तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसतात, अशी माझी खात्रीच झाली. मी त्यांच्या सदऱ्याचे खिसे हुंगायची. लाज वाटायची, तरी हुंगायची.

शेवटी एका गुरुवारी स्कूटीने थेट त्या शेतकऱ्याचं घर गाठलं. त्याची बायको दारात तांदूळ निवडत होती. बाबा आलेत का, विचारलं.

"ते तिकडं बोडीच्या पाळीवर बसून राहते," ती म्हणाली. "घरी कोणाले भेटन? आमचे हे तं पोळ्याच्या आधीच गेले, बाई. लिव्हरमंदी पसरलं होतं."

पोळा होऊन तीन महिने झाले होते.

बाबा खरंच तळ्याच्या बांधावर एकटे बसले होते. तोंडात काही नव्हतं. मी भांडायच्याच तयारीने गेले. "तीन महिने खोटं बोलून राहिले तुम्ही, बाबा! काऊन?"

ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "तो मेला म्हटलं असतं तं तू मले जेवू देलं असतं का? तो जेवते म्हटलं का तू माह्या ताटाकडं पाहत नव्हती. तेवढे चार घास बरे जात होते."

मला रडू आलं आणि रागही आला, कारण ते खरं होतं.

त्या संध्याकाळी त्यांचं ताट वाढून मी पाठ फिरवून बसले. एकदा चमचा वाजला, मग बराच वेळ काहीच नाही. मी वळले नाही.