वादी जाय

तंबू घ्यायची कल्पना माझी नव्हती. सासऱ्यांना ओमानला आणायची मात्र माझीच होती. सासूबाई पावसाळ्यात गेल्या आणि वर्धा नदीकाठच्या त्या गावात सासरे एकटे उरले. शेजारीण डबा द्यायची, तो तसाच परत जायचा. नवऱ्याने फोनवर विचारलं की म्हणायचे, "जेवलो ना." ते धादांत खोटं असायचं. शेवटी मीच नवऱ्याला म्हटलं, व्हिजिट व्हिसा काढ आणि घेऊन ये त्यांना, पुढचं पुढे बघू.

पुढचं म्हणजे एवढंच, की ते आमच्याकडे कायमचे राहणार की परत त्या रिकाम्या घरात जाणार. तिकडे गेले तर उन्हाळा काढत नाहीत, अशी माझी खात्री होती. नवऱ्याचीही होती, पण तो तसं बोलून दाखवायचा नाही. सासरे हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. व्हिसा संपत आला तरी त्यांचं आपलं एकच पालुपद, "पाहू."

सीब शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते सकाळी पांढरा सदरा घालून बुद्धवंदना म्हणायचे आणि मग दिवसभर खिडकीशी बसायचे. खिडकीतून दिसायचं पार्किंग आणि त्यापलीकडे लाँड्री. बोलायला माणूस नाही. मराठी लोक इथे पुष्कळ आहेत, पण बहुतेक मुंबई-पुण्याकडचे, नाहीतर कोकणातले, आणि त्यातही निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी. सासऱ्यांची बोली वऱ्हाडी. "मले", "तुले", "काऊन". "जा" म्हणायचं तर ते "जाय" म्हणायचे. "शाळेत जाय, पोरी." आमची तेरा वर्षांची पोरगी फिदीफिदी हसायची. ती इथेच वाढली, तिचं स्वतःचं मराठी पावलोपावली ठेचकाळतं, पण आजोबांच्या "जाय"ला हसायला ती पुढे. मी पुण्याची, त्यामुळे मीही काही कमी नव्हते. "बाबा, जायच्या पुढे फळ राहिलं," असं म्हणून त्यांना चिडवायची. नवरा त्यांचाच मुलगा, पण इतकी वर्षं बाहेर राहून त्याच्या तोंडून "जाय" कधीच गेलं होतं. हळूहळू सासऱ्यांनी बोलणंच कमी केलं. नवरा म्हणायचा, दुःख आहे, ओसरेल. दुःख तर होतंच. पण आपण तोंड उघडलं की समोरचे हसतात म्हटल्यावर माणूस तोंड मिटूनच घेणार.

एका बाबतीत मात्र ते गप्प बसायचे नाहीत. घरातून निघताना कुणी "जातो", "जाते" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "येतो" म्हणायचं. आपल्याकडे ही रीतच आहे, सगळेच पाळतात, पण त्यांनी तिचा अगदी ध्यास घेतला होता. सासूबाईंना अमरावतीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्या जीपमध्ये बसल्यावर म्हणाल्या होत्या, "जाते हो मी." सासरे चारचौघांत ओरडले, येते म्हण म्हणून. त्या काही म्हणाल्या नाहीत, आणि परतही आल्या नाहीत. त्यामुळे इथे पोरगी दप्तर पाठीला लावून "बाय" म्हणत निघाली की सासरे खुर्चीतून उठून दारापर्यंत यायचे. "बाय नाही. येते म्हण." खाली बस हॉर्न द्यायची आणि ही जिन्यातून ओरडायची, "येते, येते, ओके?"

तंबू नवऱ्याने आणला. ऑफिसातले सगळे थंडीत वादीत जाऊन राहतात, आपणही जाऊ, बाबांना बरं वाटेल, असं त्याचं म्हणणं. वादी म्हणजे इथल्या डोंगरांतला ओढा, आणि तो ज्या दरीतून वाहतो ती दरीही वादीच. बहुतेक वाद्यांमध्ये वर्षभर नुसते गोटे पडलेले असतात. काहींना पाणी असतं.

"घर असून पालात राहाचं?" सासरे म्हणाले. "काऊन?"

"बाबा, तिथे वाहतं पाणी आहे," नवरा म्हणाला.

त्यांनी मान वर केली. "ह्या मुलखात?"

जन्मभर नदीकाठी राहिलेला माणूस तो. तयार झाले. वाटेत इब्रा गावात आम्ही कोळसा, चिकन, खुबूस म्हणजे अरबी रोट्या आणि पाण्याचे कॅन घेतले. गाडीत बसता बसता नवऱ्याने एकदाचं विचारून टाकलं, "बाबा, राहा ना आमच्याकडे. आता तरी सांगा काहीतरी."

"तिथं जाऊन तर येऊ दे," ते म्हणाले. "मग सांगतो."

"पाहू" नाही, "सांगतो". मी मागच्या सीटवर होते. आरशात नवऱ्याचे डोळे दिसले आणि मला भडभडून आलं.

डांबरी रस्ता संपला आणि दोन्हीकडून उघडेबोडके, करड्या दगडाचे कडे जवळ येत गेले. तळाशी हिरवट, गुडघाभर पाणी. जरा उंचावर गोट्यांचा सपाट ओटा होता, तिथे आम्ही तंबू लावला. खुंट्या काही जमिनीत जाईनात, शेवटी दोऱ्यांवर धोंडे ठेवले. नवऱ्याचं आणि माझं त्यावरून जे व्हायचं ते भांडण झालं. सासरे तोवर चपला काढून, धोतर वर खोचून पाण्यात पाय सोडून बसलेसुद्धा. अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. आणि बोलायला लागले. पुरात सापडलेली म्हैस, नदीच्या गाळातली टरबुजं, लग्नानंतर सासूबाई पहिल्यांदा नदीवर धुणं घेऊन गेल्या आणि त्यांचं नवंकोरं लुगडं-पोलकं वाहून गेलं ती गोष्ट. सासूबाईंचं नाव घेऊन ते हसले. चिकन दोनदा मागून घेतलं. मी ताटात वाढत होते आणि मनात म्हणत होते, राहणार. आता राहणार.

सकाळी आभाळ निळंशार होतं. वरच्या अंगाला, डोंगरांच्याही मागे, काळसर काहीतरी होतं. नवऱ्याने तिकडे बघून सांगितलं की तिकडे कुठेतरी पडत असेल, आपल्याकडे पाऊस नाही, मी कालच बघितलंय. आणि तो गाडीजवळ चुलीसाठी लाकडं फोडायला गेला. पोरगी तंबूत झोपली होती. मी चहाचं आधण ठेवत होते. सासरे खालच्या कच्च्या वाटेवर दात घासत उभे होते.

तेवढ्यात वरच्या बाजूने एक पिकअप खडखडत आली. एक म्हातारा ओमानी चालवत होता. मागे दोन शेळ्या. सासऱ्यांशेजारी गाडी हळू झाली, त्याने खिडकीतून हात काढून वर दाखवला, काहीतरी ओरडला, मग पुन्हा ओरडला. सासऱ्यांनी हसून हात जोडले. तो तसाच भरधाव खाली निघून गेला. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. मला वाटलं, सलाम-नमस्कार चाललाय.

सासरे जवळजवळ धावतच वर आले. चेहरा असा फुललेला, की मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"सूनबाई! तुम्ही मले हसता ना? अरे, इथचा अरबही जाय म्हणते!"

"काय म्हणता, बाबा?"

"खरं सांगतो. मले म्हणे, यल्ला, वादी जाय! यल्ला, वादी जाय! यल्ला म्हणजे चला, हे तर पोरीनं शिकवलंच हाय मले. म्हणे, चला, वादीत जाय. तिकडं वर हातही दाखवला. वर मोठा डोह असंल."

मी खळखळून हसले, पण या वेळी त्यांच्यासोबत. "म्हणजे तुमचंच बरोबर, बाबा. आम्हीच अडाणी."

"मग!" ते म्हणाले. परक्या देशात, त्या ओसाड कड्यांमध्ये, एक अनोळखी माणूस त्यांच्या गावच्या बोलीत बोलला होता. त्यांनी दोरीवरचा टॉवेल ओढला.

"चहा होतोय, बाबा."

"वरच्या डोहात अंग धुतो अन् मग घेतो. मग तुमचं काय ते सांगतो तुमाले." चार पावलं गेले, आणि रीत ती रीत, मागे वळून म्हणाले, "येतो."

वळणावर तो टॉवेल दिसेनासा झाला. पोरगी डोळे चोळत तंबूतून बाहेर आली. मी तिला हसत हसतच सांगितलं, तुझ्या आजोबांना एक दोस्त मिळालाय, तोही "जाय" म्हणतो. "वादी जाय" म्हणाला म्हणे.

ती शाळेत अरबी शिकते.

"मम्मा, जाय मीन्स कमिंग."

"काय?"

"अरबीत. जाय म्हणजे येतो. तो बोलला, वादी येते. वादी इज कमिंग."

"वादी कशी येईल? आपण वादीतच आहोत," मी म्हणाले. खरंच म्हणाले. वादी ही जागा, आणि जागा कुठून येणार?

मग माझी नजर खाली गेली. हिरवट पाणी चहासारखं झालं होतं. त्यावर काटक्या, खजुराची वाळकी पानं, एक प्लॅस्टिकचा डबा. आणि आवाज. डंपर खडी ओततो तसा, फक्त ओतून संपत नव्हता. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने हातातलं लाकूड टाकलं आणि "बाबा, बाबा" करत वळणाकडे धावला. वळणापर्यंत तो पोचलाच नाही. वळणातूनच पाणी आलं. तपकिरी, आडवं, सबंध झाडं पोटात घेऊन. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत दुसरं काही उरलं नाही. नवरा कपारीला धरून वर चढला म्हणून वाचला. मी पोरीचं मनगट धरून उभी होते. ती ओरडत होती, "आजोबा, कम बॅक, परत ये, परत ये." आजोबांना अरे-तुरे करते म्हणून एरवी मी तिला दटावलं असतं.

आमचा ओटा उंचावर होता. तंबू होता तिथेच राहिला, एक दोरी सुटली नाही. मला त्या तंबूचा अजून राग येतो.

पोलीस आले, हेलिकॉप्टर आलं, खालच्या गावातले पुरुष कमरेएवढ्या चिखलात उतरले. सासरे दुसऱ्या दिवशी सापडले, बरेच खाली, एका खजुराच्या बागेच्या कुंपणाला. धोतराची गाठ तशीच होती. नवऱ्याने ओळख पटवली. मला त्याने पुढे येऊ दिलं नाही.

पिकअपवाला म्हातारा तिथेच होता. त्याच्या नाती त्या सकाळी खाली पाण्याशी खेळत होत्या, म्हणून तो न थांबता गेला होता. त्या वाचल्या. तो नवऱ्यापुढे उभा राहिला, छातीवर हात ठेवून, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागला.

"हम बोला बाबा को. दो बार बोला. यल्ला, वादी जाय. बाबा हँसा. हम सोचा, समझ गया."

नवऱ्याने मान हलवली. तो रडत नव्हता, नुसती मान हलवत होता.

"बाबा जवाब भी दिया," म्हातारा म्हणाला. शब्द नीट आठवावा म्हणून तो थांबला, आणि मग त्याने तो जसाच्या तसा म्हणून दाखवला. "बाबा बोला, जातो. हाँ, जातो, जातो."

इतका स्वच्छ उच्चार. त्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. आम्हाला होता.

गावी पुण्यानुमोदनाला सबंध मोहल्ला आला. सगळ्यांनी एकच विचारलं, त्यांचं ठरलं होतं का, राहणार होते का तिकडे? नवऱ्याला वाटतं, ते परतच गेले असते, आपण उगीच आशेवर होतो. मला वाटतं, राहणार होते. टॉवेल घेऊन निघाले तेव्हाचा तो चेहरा परत जाणाऱ्या माणसाचा नव्हता. यावरून आम्ही दोघं आजही भांडतो, आणि भांडून काही निष्पन्न होत नाही, कारण सांगणारा सांगायच्या आधीच गेला. आम्हाला "येतो" म्हणाले, त्या म्हाताऱ्याला "जातो" म्हणाले, दोन्ही एकाच सकाळी. पाण्याने त्यांतला एकच ऐकला. त्यानंतर माझा त्या रीतीवरचा विश्वास उडाला. आता तर मला त्या दोन्ही शब्दांची भीती वाटते.

सीबला परतल्यावर पोरीची शाळा सुरू झाली. पहिल्याच सकाळी ती दप्तर घेऊन दारात थांबली. खाली बसचा हॉर्न वाजत होता. ती खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत होती. मग एकदाही न अडखळता, अगदी शुद्ध मराठीत म्हणाली, "येते."

"बाय म्हण," मी म्हणाले.