सुर्वेबाईंची तपासणी

प्रसादचा फोन आला तेव्हा मी हातखंब्याच्या एका पेशंटच्या घरून परत निघालो होतो. "सुहासदादा, आत्या पडली," तो म्हणाला. मागीलदारच्या पायरीवर. खुब्याचं हाड मोडलंय, शेजारच्या फरीदाभाभींनी रिक्षातून हॉस्पिटलात नेलंय, तो स्वतः ठाण्याहून निघालाय. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. मग म्हणाला, "पण तुम्ही तर म्हणाला होतात…" आणि फोन ठेवला. ते वाक्य त्याने पुढे कधीच पुरं केलं नाही. बाईंचं, म्हणजे त्याच्या आत्याचं, ऑपरेशन झालं, पण अंथरुणातून त्या उठल्या नाहीत. छातीत कफ साठत गेला आणि एका दुपारी त्या गेल्या. आता काही आठवडे उलटले आहेत. प्रसादने अर्धवट सोडलेलं वाक्य मीच पुरं करायला हवं, म्हणून लिहायला बसलो आहे. मला मनातलं बोलता येत नाही, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. लिहिताही फारसं येत नाही…

नलिनी सुर्वे म्हणजे आमच्या बाई. फिजिओथेरपी म्हणजे मालिश, अशी समजूत होती त्या काळात त्या मुंबईहून शिकून रत्नागिरीला परत आल्या आणि दोन खोल्यांत दवाखाना थाटला. लग्न केलं नाही. "सकाळपासून लोकांचे गुडघे बघते, घरी आणखी कोणाचे बघू?" असं म्हणून विषय उडवून लावायच्या. कॉलेजातून बाहेर पडल्यावर मी त्यांच्याच हाताखाली उमेदवारी केली, आणि आज माझ्या दवाखान्यात जे काही चालतं ते त्यांनी शिकवलेलं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या पायांत किती बळ उरलंय आणि तो पडण्याचा धोका किती, हे ओळखण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पेशंटसोबत त्या पडवीत फेऱ्या मारत आणि मारता मारता विचारत, "आज बांगडा काय भावाने मिळाला?" चालता चालता उत्तर दिलं तर ठीक. उत्तर द्यायला माणूस थांबला की बाई माझ्याकडे बघत. तोल सांभाळायलाच सगळं लक्ष लागतंय, बोलायला उरत नाही, याचा तो पुरावा. खुर्चीतून हात छातीशी बांधून उठबस करताना कोण मांडीवर हळूच कोपर टेकतो, कोण मागे झुकून झोका घेतो, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "झोक्याने उठला तो उठला नाही, फेकला गेला," असं त्यांचं म्हणणं.

एकदा एका म्हाताऱ्या तांडेलांना मी विचारलं, "आजोबा, वर्षभरात पडलात का कधी?" आयुष्यभर होडी हाकलेला तो माणूस. मी त्यांची अब्रू काढल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पडतोय कशाला? जरा खाली बसलो होतो एकदा." ते गेल्यावर मी हसलो, पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपल्याकडे कोणी पडत नाही, सुहास. पाय सरकतो, कुत्रं आडवं येतं, नाहीतर माणूस जरा बसतो. पडलो म्हटलं की मुलं उचलून मुंबईला नेतात, हे त्यांना ठाऊक असतं. पडलात का, असं विचारणं म्हणजे त्यांना खोटं बोलायला जागा करून देणं. घरादारातली कुठली जागा हल्ली टाळता, ते विचार." पुढच्या वेळी मी तसं विचारलं. तांडेल म्हणाले, "जेटीच्या पायऱ्या."

दवाखाना बंद करून बाई घरी बसल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. मी अधूनमधून जायचो. त्या घावणे करायच्या आणि माझ्या पेशंटांची उलटतपासणी घ्यायच्या. अलीकडे प्रसाद मात्र अस्वस्थ होता. हा त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा, बाईंना एवढाच काय तो रक्ताचा. आत्याने एकटं राहू नये, ठाण्याला यावं, असं तो कळवळून म्हणायचा. बाई म्हणायच्या, "तुझ्या त्या आठव्या मजल्यावर मी काय करू? लिफ्टमनशी गप्पा?" शेवटी दोघांचं एका गोष्टीवर जमलं. सुहासने तपासावं. तो राहा म्हणाला तर बाई राहतील, जा म्हणाला तर जातील. दोघांनीही माझ्यावर विश्वास टाकला. अशा विश्वासाचं ओझं पेलण्याइतका मी धीट नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्या सकाळी मी गेलो तर बाईंनी ओटीवर खुर्ची मांडून ठेवली होती. घरातली सगळ्यांत उंच खुर्ची, आणि तिच्यावर घडी घातलेली गोधडी. बैठक उंच झाली की उठायला मांड्यांना कष्ट कमी पडतात. ज्या बाईंनी मला एकदा पेशंटला उशीवर बसवून तपासल्याबद्दल सगळ्यांदेखत झापलं होतं, त्यांनीच ती गोधडी घातली होती. मी गोधडीकडे पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. मी "उठा, बाई" म्हणालो. सुरुवातीला त्या नीट उठल्या, मग पाठ मागे नेऊन झोका घेऊ लागल्या. मी खिडकीबाहेर बघितलं. नंतर आम्ही ओटीवर फेऱ्या मारल्या. मी माशांचा भाव विचारला नाही. काहीच बोललो नाही. शेवटी खाली बघत विचारलं, "पडलात का कधी?"

"नाही," बाई म्हणाल्या.

तिथूनच प्रसादला फोन लावला आणि त्यांच्यासमोर सांगितलं, "आत्या खणखणीत आहे. काळजी सोड." बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी निघालो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुझी तपासणी फार लवकर आटोपते रे हल्ली." मला ती शाबासकी वाटली. वाटली म्हणजे, मी ती तशी घेतली.

बाई गेल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर राग. दुःख नंतर आलं. त्यांनी मला फसवलं होतं. गोधडी घालून, 'नाही' म्हणून मला खोट्यात पाडलं होतं. प्रसादच्या नजरेत मी आता नालायक ठरलो तो त्यांच्यामुळे, असं मी मनात घोळवत राहिलो. बारा दिवस झाल्यावर प्रसाद घर आवरायला आला. माझ्यावर डूख धरून नव्हता, उलट चांगलंच वागला. येताना मला बरोबर घेतलं आणि वाटेत म्हणाला, "किल्ली तुमच्याकडेच ठेवतो. घर अधूनमधून उघडाल." मला बरं वाटलं. वाटलं, निभावलं.

माजघरात फरीदाभाभी भांडी पुसत होत्या. त्यांचा नवरा आखातात, त्यामुळे या दोघी वर्षानुवर्षं एकमेकींच्या आधाराने राहायच्या. भिंतीतल्या दोन खिळ्यांकडे बोट दाखवून प्रसादने विचारलं, "हे कशाला?"

"दोरीचे," भाभी म्हणाल्या. "दोनदा पडल्या बाई मागीलदारी. मीच उचललं. तेव्हापासून कपडे इथे वाळत घालायच्या, घरात. मी म्हटलं, या सुहासडॉक्टरांना सांगते. तर म्हणाल्या, तू कशाला सांगतेस? सुहास येतोय तपासायला. माझ्याच हाताखालचा आहे, मी लपवून लपणार आहे थोडीच? तो जा म्हणाला तर जाईन ठाण्याला."



"मग?" प्रसादने विचारलं.

"मग काय? डॉक्टर येऊन गेले, ठीक आहे म्हणाले. संध्याकाळी बाई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, त्याने विचारलंच नाही गं. मग म्हणाल्या, त्याला ठीक दिसलं तर असेल ठीक. मीच भित्री झालेय. दुसऱ्या दिवशी दोरी सोडून परत मागे बांधली."

प्रसाद म्हणाला, "म्हणजे सुहासदादांना आत्याने कळूच दिलं नाही." तो मला सोडवू बघत होता. एक 'हो' पुरला असता. बाईंवर सगळं ढकलून मी त्या घराची किल्ली खिशात घालून निघालो असतो.

"मला दिसलं होतं," मी म्हणालो. गोधडी, झोका, खिडकीबाहेर बघणं, सगळं सांगितलं. त्या मागीलदार टाळत होत्या. कुठली जागा टाळता, असं मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, हेही सांगितलं.

त्याने भिंतीतल्या खिळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "का?"

"त्या माझ्या बाई होत्या. मी त्यांना नापास कसं…"

"माझी आत्या होती ती," प्रसाद म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला सांगायला अवघड गेलं, म्हणून मी तिला इथे ठेवली." त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्यासमोर फरीदाभाभींच्या हातात दिली. भाभींनी ती मुठीत धरली आणि पुन्हा भांडी पुसायला घेतली.

मी मागच्या दाराने बाहेर पडलो. पायरीच्या वर भिंतीतल्या जुन्या हुकापासून शेवग्यापर्यंत ती नायलॉनची दोरी ताणलेली होती. गाठ बाईंच्या हातची, घट्ट. एक टॉवेल अजून तिच्यावर होता, उन्हाने विटलेला, कोणी काढलाच नव्हता. मी काढायला गेलो तर मला हात पुरता वर न्यावा लागला. बाई माझ्या खांद्याला लागायच्या. त्या जांभ्याच्या पायरीवर त्या रोज टाचा उचलून, मान मागे टाकून उभ्या राहत असणार… माझ्या शब्दावर.