सहा पितळी बटणं

दुपारी शिलाई मशीन थांबलं की मास्तरांच्या कापायच्या टेबलावर पत्ते पडत. खेळ पोकरचा, पण पैसा लावायचा नाही, हा मास्तरांचाच कायदा. शर्टाची बटणं लावायची. डावात गेलं ते गेलं, हाही कायदा त्यांचाच. खेळणारे तिघं: मास्तर, त्यांचा मेहुणा आणि समोरचा सलूनवाला.

हातात दुर्री-तिर्री असली तरी मास्तर मूठभर बटणं पुढं ढकलून वर म्हणायचे, "बघ की! बटण आहे, काळीज नाही." बाकीचे दोघं पानं टाकून मोकळे. असा थापाड्या पंचक्रोशीत नव्हता.

मग एकदा शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं आणि दुकानातलं बटण अन् बटण त्यात गेलं. सलूनवाल्यानं फळीवरचा डबा हलवला. "यात काय वाजतंय?"

त्यात सहा पितळी बटणं होती. मास्तरांच्या वडिलांच्या कोटाची. सोमवारी मुलगी पहिल्या नोकरीवर जाणार होती. तिचा कोट तयार होता, सहा काजंही झाली होती, फक्त ही बटणं लावायची राहिली होती. पण मास्तरांच्या हातात तीन राजे आले होते. हात शिवशिवला. त्यांनी एक पितळी बटण टाकलं.

मेहुणा लगेच डावातून बाहेर पडला. सलूनवाल्यानं बटणाशेजारी आपला शिंगाच्या मुठीचा वस्तरा ठेवला. "पानं बघायची तर उरलेली पाचही लाव."

मास्तरांनी कोटाकडं पाहिलं. सहा काजं आ वासून त्यांच्याकडंच बघत होती. दुर्रीवर वाघ असणाऱ्या माणसाला तीन राजे हातात असून घाम फुटला. त्यांनी पानं टाकली.

सलूनवाल्याकडं चव्वीची जोडी निघाली.

"भाऊजी, राजे टाकलेत तुम्ही!" मेहुण्यानं कपाळ बडवलं.

"बटण दे रे," मास्तर म्हणाले.

"डावात गेलं ते गेलं. कायदा तुझाच."

सहाव्या काजाला मास्तरांनी कापड मढवलेलं बटण लावलं. मुलीनं विचारलं, "बाबा, हे खालचं वेगळं का?" "फॅशन आहे," म्हणाले. तिनं तो कोट नऊ हिवाळे घातला.

आता मशीन विकलं, मेहुणा गेला, सलून पोरानं चालवायला घेतलं. दोघं म्हातारे मास्तरांच्या पडवीत खेळतात. परवा मास्तर म्हणाले, "ते पितळी आहे का अजून?"

सलूनवाल्यानं बंडीच्या खिशातून काढलं. तीस वर्षं बोटांनी घासून सोन्यासारखं झालं होतं. "लावलं," म्हणाला, जरा हळूच.

मास्तरांनी शर्टाच्या बटणांचा अख्खा डबा मधे उपडा केला. "बघ आता."

सलूनवाला बराच वेळ पानं बघत बसला. मग दोन बोटांनी पितळी बटण उचललं आणि परत खिशात टाकलं. "नको राव. शर्टाचीच लावू."

"काय होतं हातात?"

"तीन राण्या."

मास्तरांनी आपली पानं उलटी केली. सत्ती, पंजी, दुर्री, सगळा कचरा. मग ठसका लागेपर्यंत हसले. सून पाणी घेऊन धावली.

कायद्यानं बटण आता त्यांचं होतं, पण त्यांनी ते परत मागितलं नाही.