पाच नंबरच्या खाटेचा आडोसा

गुरुवार, ६ मे २०२१. दुपारचे बारा. हातातलं काम : आठ खाटांच्या पाणी-लघवीच्या नोंदी. कोण किती प्यालं आणि किती बाहेर पडलं, हे दर पाळीला लिहायचं. चष्म्यावर वाफ, त्यावर प्लास्टिकची ढाल, हातांत दोन-दोन मोजे. आकडे पहिलीतल्या पोरासारखे वेडेवाकडे येत होते, पण सात खाटांचा हिशोब लागला. पाच नंबरचा लागेना. सकाळी भरून ठेवलेली बाटली तशीच होती आणि खाटेखालचा बेडपॅन कोरडा.

पाच नंबरला शेणव्याच्या पुढच्या पाड्यावरची म्हातारी सुईण होती. मुरबाडला लेकीकडे गेली आणि तिथेच आजारी पडली. तिथे खाट मिळेना म्हणून तिला शहापूरला आमच्या अतिदक्षता विभागात आणलं. माझं माहेर तिच्याच बाजूचं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमचं अजिबात पटायचं नाही. अडलेली बाई ती शेवटच्या घटकेला दवाखान्यात आणायची आणि मी तिला दारातच झापायची. ती सगळं ऐकून घ्यायची आणि जाताना म्हणायची, "बाळ रडलं ना? मंग तू कशाला रडतेस?"

पुढे माझी मुलगी झाली, तेव्हा चाळीस दिवस मला नि मुलीला तेल चोळायला हीच बाई माहेरी यायची. मी शिकलेली नर्स, पण पाटावर गपचूप पडून राहायचे आणि ती सांगेल तशी कूस बदलायचे.

आमच्याकडे आली त्या दिवशी तिने मला लगेच ओळखलं. आम्ही सगळ्या पांढऱ्या पोत्यांसारख्या दिसत होतो, म्हणून विचारलं, कशी ओळखलीस. चालीवरून, म्हणाली. लहानपणापासून पाय आपटतच चालतेस.

तोंडावरचा मास्क निघाला की तिचा ऑक्सिजन दोन मिनिटांत सत्तरवर यायचा. आदल्याच दिवशी समोरचा एक माणूस कोणाला न सांगता मास्क काढून संडासाकडे निघाला आणि दारातच कोसळला. तो वाचला नाही. म्हातारीने ते पाहिलं होतं. त्यामुळे ती उठली नाही, पण बेडपॅनही घेतला नाही. तिने आपलं पाणीच बंद करून टाकलं. जीभ कोरडी पडली होती, अंगात ताप होता. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की फुप्फुसं अशी असताना सलाइन जपूनच द्यावं लागेल, तिने तोंडाने प्यायला हवं. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर नळी घालायची. मूत्रपिंडं गेली तर मग आपल्या हातात काही नाही.

आमची तरुण नर्स तिला समजावायला गेली. आजी, लाजायचं काय त्यात, आम्ही सगळ्यांचंच करतो. म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग मी गेले. मूत्रपिंडाचं सगळं सांगून झालं, तरी डोळे मिटलेलेच. शेवटी म्हटलं, जन्मभर बायांचं सगळं काढलंस, कधी नाक मुरडलं नाहीस, आता तुला कसली लाज?

तिने मास्क उचलायला हात वर केला. मी तो खाली दाबला. ती आतूनच बोलली, "मी दुसऱ्याचं काढलं. माजं कुनी काढलं नाय. नि समोर बाप्ये हायत."

मग डोळे उघडून म्हणाली, "तू तरी कुठं पितेस? सकाळधरनं बघते. तुज्या तोंडाला पानी नाय नि येकदा पन तू गेली नायस."

खरं होतं. पाळीभर तो पोशाख उतरवता येत नसे. उतरवला की फेकायचा, आणि दुसरा मिळेलच असं नाही. म्हणून पहाटे अर्धा कप चहा घेतला की मी पाण्याला शिवत नव्हते. त्या महिन्यात दोनदा लघवीला जळजळ झाली, गोळ्या खाल्ल्या, कोणाला सांगितलं नाही. हिलाही सांगणार नव्हते. पण जिने मला पाटावर उघडी पाहिली, तिच्याशी खोटं बोलून काय मिळणार? मी तिच्या कानाशी वाकले.

"मी डायपर लावते, आजी."

"म्हंजे?"

"तान्ह्या पोरांना बांधतात तसलं. मोठ्यांचंही मिळतं."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसायला लागली. मास्क वाफेने भरला, मशीन ओरडायला लागलं. मी तिला दटावलं. श्वास जाग्यावर आल्यावर म्हणाली, "तुज्या पोरीला चाळीस दिस लंगोट बांधला. सांगितलं आसतंस तर तुलाबी बांधला आसता."

मग म्हणाली, "आडोसा कर. मंग पिते."

मला लगेच कळलं. आमच्याकडे एका खोलीच्या घरात बाई बाळंत होते, तेव्हा दोघी जणी लुगडं धरून उभ्या राहतात. मूल रडेपर्यंत ते खाली येत नाही. आमच्या विभागातले पडदे संसर्गाच्या भीतीने काढून टाकले होते, शिवाय नर्सच्या टेबलावरून सगळे रुग्ण दिसायला हवेत म्हणूनही. तरुण नर्सला हाक मारली. दोघींनी हिरवी चादर दोन बाजूंनी धरली, वॉर्डातल्या मावशींनी बेडपॅन सरकवला. बराच वेळ काही होईना. म्हातारी म्हणाली, तिकडं बघा. आम्ही तिघी पोशाखातल्या बायका माना वर करून पंख्याकडे बघत राहिलो.

झाली. थोडीच, कोऱ्या चहासारखी काळपट. मी मोजली आणि तो आकडा मात्र सावकाश, वळणदार काढला. म्हातारीने मास्कच्या कडेतून स्ट्रॉ घालून अर्धी बाटली संपवली.

पण दर वेळी तिघी जणी कुठून आणायच्या? पाळी संपताना प्रमुख सिस्टरना विचारलं, घरची साडी आणून आडोसा बांधू का. त्या म्हणाल्या, फक्त पुरुषांच्या बाजूला लाव, डोक्याकडची बाजू टेबलाला दिसली पाहिजे, आणि आत आलेलं कापड घरी जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सापगावला घरी मी एक जुनी सुती साडी निवडली, परत येणार नव्हती म्हणून विरलेलीच. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली. मुलगी विचारत राहिली, आता कपडे कुठे घालू. निघताना तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायले. वॉर्डात जाऊन खिडकीच्या गजापासून सलाइनच्या स्टँडपर्यंत दोरी बांधली आणि साडी टाकली. म्हातारीने मान वळवून पाहिलं.

"गाठ ढिली हाय," म्हणाली.

मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.