दुपारी बंद पडणारं मशीन

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं नाही. सुनंदापुढं तर नाहीच — आणि ती माझी बायको आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर. बारामतीजवळच्या एका डेअरीत मी कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायचो. मुख्य इमारत आणि गेटजवळची इमारत यांच्यात एकच वायर होती — ट्रंक. तिच्यातूनच सगळ्या विभागांच्या माहितीची ये-जा. प्रत्येक विभागाला आपला व्हीलॅन, म्हणजे एक नंबर. कुठला नंबर सोडायचा, कुठला अडवायचा, ते मी खुर्चीत बसून ठरवायचो. नाक्यावरचा हवालदारच म्हणा ना!

गेटजवळ दूध-संकलनाची मशिनं होती, आणि बिलिंगचं एकच. त्यावर सुनंदा बसायची — निमगाव केतकीहून एसटीनं येणारी, कायम हसरी. एकदा तिचं मशीन खरंच अडलं. मी दुरुस्त केलं, तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढं केली. झालं, मी कामातून गेलो.

मग? मग रोज जेवणाच्या सुमारास मी बिलिंगचा नंबर अडवायला लागलो. संकलन बिनघोर चालू, तिचंच मशीन ढिम्म. तिचा फोन आला की मी भांग पाडून जायचो, उगाच वायरी हलवायचो, चटणी खायचो, आणि थोड्या वेळात चालू होईल असं ज्योतिष्यासारखं सांगून परत यायचो. आल्या आल्या नंबर सोडायचो.

हसू येतंय ना? मलाही यायचं.

पण बिलं रखडायला लागली. साहेबांनी पाहिलं — शेजारची मशिनं चालतात, हिचंच बंद पडतं. म्हणजे दोष हिच्या हाताचा. त्यांनी तिला उठवून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. मी तिथंच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं — बोललो का? भित्रा होतो, दुसरं काय! तिच्या जागी आलेल्याचं मशीन पुन्हा कधी बंद पडलं नाही. का पडेल?

पुढं आमचं लग्न झालं, संसार झकास झाला. तुझे बाबा कसे धावत यायचे, हे ती लेकीला अजून कौतुकानं सांगते. मी मान डोलावतो.

परवा लेकीनं तिला नवा मोबाईल आणला. तिनं तो खोक्यातून काढला, पदरानं पुसला, आणि चालू न करताच माझ्याकडं दिला.

"तुमीच लावा. माझ्या हाताला मशीन लाभत न्हाय."

मी लावून दिला.