कुंकवाखालची तारीख

कापसाच्या पेरणीचे दिवस होते. खापर गावातल्या आमच्या बियाण्यांच्या दुकानात तपासणीचे साहेब शिरले, तशी गिऱ्हाइकं मुकाट बाहेर सरकली. साहेब थेट भिंतीवरच्या परवान्याजवळ गेले. दर लक्ष्मीपूजनाला सासरे देवांबरोबर त्या कागदालाही कुंकू लावायचे. मुदतीची तारीख त्याखाली झाकली गेली होती.

"मुदत संपली का?"

"नाही, अजून आहे," मी म्हटलं.

"दिसत तर नाही."

"साहेब, पूजानं कुंकू शे, हात लावू नका," सासरे म्हणाले.

साहेबांनी रुमाल ओला करून कागद खसाखसा घासला. कुंकू निघालं आणि प्रिंटरच्या शाईतली तारीखही निघाली. साहेबांनी शांतपणे शेरा लिहिला : परवान्यावरची मुदत वाचता येत नाही, विक्री बंद ठेवावी.